नव्या शहरातलं पहिलं वर्ष: चिपळूणहून जळगावला

प्रश्न आहे, ‘नोकरीसाठी एकटीने नव्या शहरात राहायला गेल्यावर पहिलं वर्ष कसं जातं? आणि तिथे रुळायला किती काळ लागतो?’

मी चिपळूणची. बदली होऊन जळगावला आले ती एप्रिलात, म्हणजे येऊ नये त्या महिन्यात. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो. दुपारी रस्ते ओस, दारं-खिडक्या बंद, आत कूलरची घरघर. मला वाटायचं, काय माणूसघाणं गाव आहे! मग रात्री साडेआठनंतर बघितलं तर सगळी कॉलनी ओट्यावर आणि गच्चीवर. उन्हाळ्यात इथल्या गप्पांची वेळच ती. मी मात्र आठ वाजता जेवून, दार लावून झोपायच्या तयारीत. म्हणून सांगते, पहिल्या दोन-तीन महिन्यांत शहराबद्दल पक्कं मत करू नका. कुठल्या ऋतूत आलात त्यावर ते फार अवलंबून असतं.

पावसाने तर निराशाच केली. आमच्याकडे एकट्या जुलैत जेवढा पडतो तेवढा इथे वर्षभरातही पडत नाही. पण त्याबद्दल रडगाणं गायची सोय नव्हती. माझ्याभोवती सगळे कपाशी आणि केळीवाले. चार सरी आल्या तरी त्यांचे चेहरे खुलायचे.

श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशची लोकदेवी, आल्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घराघरांत कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी विसर्जन. आमच्या शेजारच्या काकूंचं मूळ धुळ्याकडचं, घरात अहिराणी. त्यांच्याकडे आठ दिवस आधीपासून सुरत, पुणे, नाशिक, जिथे जिथे भाऊबंद होते तिथून माणसं येत होती. सुरतेत तर अर्धा खानदेश पोटापाण्यासाठी गेलेला. तेव्हा लक्षात आलं की ज्यांना मी ‘इथले’ समजत होते त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरातलं कोणीतरी दुसऱ्या गावात परकं म्हणून राहतंय. काकूंचा धाकटा मुलगा सुरतेत खोली घेऊन एकटा राहतो. मला दारात बघून रोज ‘काय करी ऱ्हायनी वो बाई?’ अशी चौकशी करायच्या, त्यामागे तोही होता असं मला वाटतं.

गंमत म्हणजे त्याच काकूंनी कानबाईचे रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, मला दिले नाहीत. ते घराण्यातल्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. त्यांनी तसं सरळ सांगितलं आणि गाण्यांना मात्र हाताला धरून बसवलं. मला याचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. सगळीकडे आपल्याला आत घेतलंच पाहिजे हा हट्ट पहिल्या वर्षात फार त्रास देतो. काही दारं उघडी असतात, काही नसतात, आणि बंद दारामागची माणसंही चांगली असू शकतात.

भरताचं तसं नाही. त्याला गोतावळा जितका मोठा तितका कमीच. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते. मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी कपाशीच्या सुक्या काड्यांवर भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, वरून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. (जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे आणि हे तुम्हाला इथे कोणीही, न विचारता, सांगेल.) ऑफिसमधल्या ज्या माणसाशी माझं वर्षभर फक्त फायलींपुरतं बोलणं होतं, तोच काड्या ओढत ‘ताई, तुम्ही मिरच्या भाजा’ म्हणाला. पाहुणी म्हणून बसवून ठेवलं नाही, हे मला जास्त आवडलं. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातला रामाचा रथही बघितला. १८७२ पासूनची परंपरा आहे. गर्दीत पाय चेंगरला, तरी जा.

मला एक गोष्ट नाइलाजाने फायद्याची ठरली: चिपळूण लांब. शनिवार-रविवारात जाऊन येणं जमतच नाही. माझ्याबरोबर आलेले नाशिकचे दोघे दर शनिवारी गाडी पकडतात. त्यांना अजून स्टेशन, ऑफिस आणि खोली एवढंच जळगाव माहीत आहे. रविवारची दुपार नव्या गावात खायला उठते हे खरं, पण तिथले सण आणि आमंत्रणंही रविवारीच येतात.

रुळायला किती काळ, याला महिन्यांत उत्तर देता येणार नाही. मासे अजून आठवतात आणि शेवभाजीचा तवंग पाहून अजून धडकी भरते. पण या वर्षी बदलीचा अर्ज भरायची मुदत आली तेव्हा मी तो भरला नाही. पुढच्या वर्षी काय करीन, बघू.

तुम्हीही इकडेच येत असाल तर एक सांगते: घर पाहताना वरच्या मजल्याचं भाडं कमी आहे म्हणून भुलू नका. ते कमी का आहे हे मे महिन्यात स्लॅब सांगतो.