टेबलाशी जागा कोण देतो?

प्रिय अभ्यासक,
अनेक आशीर्वाद.

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन याची ‘आय हिअर अमेरिका सिंगिंग’ ही समतेची कविता आणि विसाव्या शतकातला कृष्णवर्णीय अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज याची ‘आय, टू’ ही निषेधाची, अशी वाटणी तुझ्या निबंधाच्या मसुद्यात आहे. ती मला पटत नाही, कारण तिच्यामुळे समतेचा सगळा विचार व्हिटमनच्या पदरात पडतो आणि ह्यूजच्या वाट्याला केवळ तक्रार उरते.

व्हिटमनची कविता ‘लीव्हज ऑफ ग्रास’ या त्याच्या कवितासंग्रहाच्या 1860 च्या आवृत्तीत आली. सुतार, गवंडी, नावाडी, चांभार, लाकूडतोड्या, शिवणकाम करणारी मुलगी असे सगळे तिच्यात आपापले गाणे गातात. राजे नाहीत, सेनापती नाहीत. हातांनी काम करणारी माणसे म्हणजेच देश, हा विचार मोठा होता आणि त्याचे श्रेय देताना हात आखडता घेऊ नकोस. मात्र त्याच वर्षी त्या देशात सुमारे 40 लाख माणसे गुलामगिरीत राबत होती आणि त्यांचा उल्लेख या कवितेत नाही. तरीही ‘व्हिटमन गुलामांविषयी गप्प राहिला’ हे तुझे वाक्य काढून टाक. 1855 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे ‘साँग ऑफ मायसेल्फ’ या नावाने ओळखल्या गेलेल्या दीर्घ कवितेतला ‘मी’ पळून आलेल्या गुलामाला घरात घेतो, त्याच्या दुखावलेल्या पायांसाठी पाणी भरून देतो आणि जेवताना टेबलाशी आपल्या शेजारी बसवतो.

तुलनेचा खरा धागा मला या टेबलापाशी दिसतो. 1924 मध्ये ह्यूज इटलीतल्या जेनोआ बंदरात अडकून पडला होता. गोऱ्या खलाशांना परतीच्या जहाजांवर काम मिळत होते, त्याला मिळत नव्हते. त्या काळात त्याने ‘आय, टू’ लिहिली. पाहुणे आले की तिच्यातल्या काळ्या भावाला स्वयंपाकघरात जेवायला पाठवतात. (पंक्तिभेदाचा हा अपमान मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.) तो हसतो, पोटभर जेवतो, बळकट होतो आणि उद्या पाहुण्यांसमोर टेबलाशीच बसेन, असे सांगतो. व्हिटमनच्या घरात जागा देणारा यजमान आहे आणि त्याचे औदार्य खरे आहे, पण आलेला माणूस तिथे पाहुणाच राहतो आणि काही दिवसांनी उत्तरेकडे निघून जातो. ह्यूजचा भाऊ त्याच घरातला आहे, म्हणून त्याला कोणाच्या औदार्याची वाट पाहावी लागत नाही. आपले सौंदर्य पाहून इतरांना लाज वाटेल, असे तो म्हणतो. त्यांना घराबाहेर काढण्याची भाषा तो करत नाही. पहिल्या ओळीत अमेरिकेचे गाणे गाणारा हा माणूस शेवटच्या ओळीत ‘मीही अमेरिका आहे’ असे म्हणतो, आणि हक्काच्या आपलेपणाचा हा दावा तुझ्या मसुद्यात कुठेच आलेला नाही.

निबंधाचा दुसरा भाग इथून नव्याने लिही. व्हिटमनच्या लांब ओळी आणि ह्यूजच्या आखूड ओळी यांविषयीचा परिच्छेद उत्तम जमला आहे. तो आहे तसाच राहू दे.