कॉलेजच्या ‘फॅकल्टी अँड स्टाफ न्यूज’मध्ये काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आर्ट्स अँड सायन्सेस कॉलेजात तुम्ही नुकत्याच रुजू झालात आणि दर महिन्याची फॅकल्टी अँड स्टाफ न्यूज, म्हणजे प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांच्या बातम्यांचा अंक, तुमच्या गळ्यात आली. एकाच प्राध्यापकांनी सहा बातम्या पाठवल्या, काही विभागांकडून एकही नाही आणि कर्मचाऱ्यांकडून तर शून्य. काय घ्यावं, काय गाळावं, कसं लिहावं? मी हे काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, नुसत्या आलेल्या मेलांवर अंक काढू नका. स्वतःची बातमी स्वतः पाठवायची सवय काहींनाच असते. नवीन रुजू झालेली असिस्टंट प्रोफेसर, वर्षावर्षाच्या करारावर शिकवणारे लेक्चरर, ऑफिसातली माणसं, ही मंडळी सहसा पाठवत नाहीत. हा अंक वाचून विसरला जातो असं वाटतं, पण तसं होत नाही. वार्षिक अहवाल लिहिताना, पुरस्कारासाठी नाव सुचवताना, निवृत्तीच्या निरोपाचं भाषण तयार करताना लोक जुने अंक चाळतात. ज्याचं नाव तिथे नाही, त्याचं काम झालंच नाही असं धरलं जातं. मला या कामातली सर्वांत मोठी जबाबदारी हीच वाटते.

म्हणून दर महिन्याला प्रत्येक विभागाच्या ऑफिस मॅनेजरला फोन करा. विभागप्रमुखांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. ‘काही बातमी आहे का?’ असं विचारलंत तर ‘विशेष काही नाही’ हेच उत्तर येईल. ‘या महिन्यात कुणाचं मोठं काम हातावेगळं झालं? कोण नवीन आलं, कोण चाललंय?’ असं विचारा, मग माणसं बोलू लागतात.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. सेवेची वर्षं पूर्ण झाल्याची यादी छापली की स्टाफचा रकाना भरला, असं बऱ्याच ठिकाणी समजतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. रसायनशास्त्रात रेणूंची रचना तपासणारं एनएमआर यंत्र चालू ठेवणारा माणूस, काचेची उपकरणं घडवणारा ग्लासब्लोअर, भौतिकशास्त्राच्या मशीन शॉपमधले कारागीर, जीवशास्त्राचं ग्रीनहाउस सांभाळणारी बाई, ग्रँटच्या अर्जाचं बजेट मुदतीच्या आत बसवून देणारे, विषय बदलावा की शिक्षण सोडावं या पेचातल्या मुलांशी तास तास बोलणारे अ‍ॅडव्हायझर, या सगळ्यांवाचून कॉलेज चालत नाही. मोठ्या ग्रँटची बातमी आली की त्या प्राध्यापकांना एवढंच विचारा, ‘यात अजून कुणाकुणाचा हात आहे?’ आनंदाने नावं सांगतात. ती नावं हुद्द्यासकट छापा.

आता तपासणी. इथे घाई करू नका, कारण प्रत्येक बातमीला टप्पे असतात आणि लोक एक टप्पा आधीच कळवतात. टेन्युअरचं, म्हणजे प्राध्यापकाच्या कायम नेमणुकीचंच घ्या. अमेरिकेतली आजची पद्धत बरीचशी अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्सच्या १९४० च्या निवेदनावर उभी आहे. परिवीक्षेचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा असं त्यात म्हटलं होतं, म्हणून छाननी साधारण सहाव्या वर्षी होते. विभागाचं मत, कॉलेजची समिती, डीन (कॉलेजचे प्रमुख), प्रोव्होस्ट (विद्यापीठाचे शैक्षणिक प्रमुख) अशी फाइल वर सरकते आणि बहुतेक ठिकाणी शेवटचं शिक्कामोर्तब विश्वस्त मंडळाचं असतं. डीनचा होकार आला म्हणून सहकारी पेढे वाटायला निघतात, पण मंडळाची बैठक होईपर्यंत तुम्ही छापू नका.

ग्रँटचंही तेच. ‘शिफारस झाली’ आणि ‘मंजूर झाली’ यात अंतर आहे. संशोधनाला पैसे देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेच्या मंजूर ग्रँटची नोंद त्यांच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये मिळते. रक्कम, मुदत, मुख्य संशोधक कोण, सहसंशोधक कोण, हे तिथून ताडून घ्या. पैसे व्यक्तीला मिळत नाहीत, संस्थेला मिळतात, म्हणून ‘अमुक यांना पाच लाख डॉलर मिळाले’ असं वाक्य नको. ‘अमुक यांच्या प्रकल्पासाठी’ असं लिहा.

पुरस्कारांची नावं सारखी दिसली तरी वजन वेगळं असतं. मॅकआर्थर फेलोशिपसाठी अर्जच करता येत नाही, नाव दुसऱ्यांनी सुचवावं लागतं. गुगेनहाइम फेलोशिपसाठी स्वतः अर्ज करायचा असतो. नॅशनल सायन्स फाउंडेशनचं ‘करिअर’ अवॉर्ड टेन्युअर न मिळालेल्या असिस्टंट प्रोफेसरांसाठी असतं, पाच वर्षांचं आणि किमान चार लाख डॉलरचं. विभागातल्या तरुण शिक्षकाला ते मिळालं तर बातमी वरच्या भागात घ्या, तिथपर्यंत पोहोचायला काय लागतं ते विज्ञानातल्या कुणालाही विचारा. १९४६ साली सुरू झालेल्या फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात एक सत्र किंवा वर्षभर परदेशात शिकवणारे स्कॉलर असतात, तसेच काही आठवड्यांसाठी जाणारे स्पेशालिस्टही असतात. नुसतं ‘फुलब्राइट मिळालं’ असं आलं तर कोणतं ते विचारा. सर्वांत जास्त गोंधळ ‘एएएएस’ या आद्याक्षरांचा होतो. १७८० साली स्थापन झालेली अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस वेगळी आणि १८४८ ची अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स वेगळी. पहिलीचं सदस्यत्व निवडीनेच मिळतं, दुसरीचं कुणीही घेऊ शकतं पण तिचे फेलो निवडले जातात, आणि दोन संस्थांचा एकमेकींशी संबंध नाही. नेहमी पूर्ण नाव लिहा. आणि पुरस्काराच्या पत्रात ‘अमुक तारखेपर्यंत गुप्त’ अशी अट आहे का, तेही बघा.

पैसे भरून मिळणारे सन्मान आणि कुणाचाही लेख छापणारी जर्नलं सरळ बाजूला ठेवा. शंका असेल तर त्या विषयाच्या ग्रंथपालांना विचारा, ते पाच मिनिटांत सांगतात.

शोधनिबंधांच्या लेखकक्रमावरून निष्कर्ष काढताना जपून. गणितात नावं बहुधा आडनावाच्या अक्षरक्रमाने येतात, त्यामुळे पहिलं नाव म्हणजे मुख्य लेखक असं नाही. जीवशास्त्रात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं बहुतेकदा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं. कणभौतिकीत तर बोलायलाच नको: हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ मधल्या निबंधाला पाच हजारांहून जास्त लेखक होते. इतिहासात किंवा साहित्यात एकच माणूस आठ-दहा वर्षं एका पुस्तकावर घालवतो. म्हणून ‘या महिन्यात रसायनशास्त्राचे नऊ निबंध, इतिहासाचं एकच पुस्तक’ अशी मोजदाद करू नका, आणि त्या एका पुस्तकाला एका ओळीत गुंडाळू नका. तो लेखक किती वर्षं कोणत्या दप्तरखान्यांत बसला, हे दोन वाक्यांत येऊ द्या.

लिहिण्याबद्दल माझा एकच आग्रह आहे. ‘प्रतिष्ठेचा पुरस्कार’, ‘कॉलेजसाठी अभिमानाची बाब’ ही वाक्यं काढा आणि त्या जागी काम लिहा. ‘भूशास्त्र विभागाच्या अमुक यांना अनुदान मंजूर’ यातून काही कळत नाही. ‘नदीच्या गाळाचे थर वाचून जुने पूर शोधण्याच्या अमुक यांच्या कामाला तीन वर्षांचं अनुदान’ असं लिहिलं की पलीकडच्या इमारतीतला अर्थशास्त्राचा माणूसही थांबून वाचतो. अशा ओळीवरून दोन विभागांची ओळख होऊन पुढे एकत्र काम सुरू झालेलं मी पाहिलं आहे.

क्रमाचं फार डोक्यात घेऊ नका. विभागांच्या अक्षरक्रमाने लावा, म्हणजे मानपानाचा प्रश्न उरत नाही. मात्र स्टाफचा वेगळा रकाना शेवटी टाकू नका, त्या त्या विभागातच त्यांची बातमी येऊ द्या. त्या सहा बातम्यांवाल्या प्राध्यापकांना प्रेमाने लिहा, ‘यातली तुम्हाला सर्वांत महत्त्वाची कोणती वाटते?’ ते एक निवडतात, ती मोठी घ्या आणि बाकीच्या एका वाक्यात.

निधनवार्ता आली की सगळं बाजूला ठेवा. घरच्यांची संमती घेतल्याशिवाय काही छापू नका आणि मृत्यूचं कारण त्यांनी स्वतः सांगितलं तरच लिहा. नावाचं स्पेलिंग, रुजू झाल्याचं वर्ष, निवृत्तीचं वर्ष एचआरकडून लेखी घ्या. निवृत्त माणसाबरोबर काम केलेले लोक कॉलेजात फार उरलेले नसतात, त्यामुळे जुने विद्यार्थी शोधावे लागतात, आणि त्याला दोन-तीन दिवस जातात. ते जाऊ द्या, अंक तेवढा उशिरा निघाला तरी चालेल. मजकूर छापायच्या आधी घरच्यांना एकदा वाचून दाखवा.