हॉस्टेलच्या खोलीत एकच लॅन पॉइंट आहे. तिघांसाठी स्वतःचा राउटर लावला तर चालेल का? रेक्टरांना कळतं का?

लावू नका. आणि हो, कळतं.

२०१८ साली मराठवाड्यातल्याच एका विद्यापीठाच्या हॉस्टेलला होतो. खोलीत आम्ही तिघं, भिंतीत पॉइंट एक, तोही माझ्या नावावर, कारण फॉर्म भरायला रांगेत मीच उभा राहिलो होतो. सहाशे रुपयांत जुना राउटर घेतला, भिंतीची वायर निळ्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घेणारं भोक) घातली, पासवर्ड टाकला. महिनाभर कुणाला पत्ता नाही.

मग एका शनिवारी मी घरी सेलूला गेलो. मागं आमच्या उदगीरच्या पार्टनरला प्रश्न पडला, "कामून इतकं स्लो चालायलंय?" त्यानं वायर निळ्यातून उपटून शेजारच्या पिवळ्यात खोचली. पिवळं म्हणजे लॅन, आतल्या लॅपटॉपांसाठीचं. आमच्या तीन लॅपटॉपांना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वाटणारा राउटर आता भिंतीतून उलटा अख्ख्या मजल्याला आयपी वाटायला लागला. विद्यापीठाच्या सर्व्हरआधी आमच्या डबड्याचं उत्तर ज्याच्याकडं पोचलं, त्याला १९२.१६८.०चा पत्ता. कनेक्टेड दिसतंय, पान एक उघडत नाही, कारण आमच्या राउटरकडं पुढं द्यायला नेटच नव्हतं. स्कॉलरशिपच्या फॉर्मला दोन दिवस उरलेले. पोरं रात्री नेटकॅफे हुडकत फिरत होती.

सोमवारी मराठवाडा एक्स्प्रेसनं परत आलो तर खोलीत रेक्टर आणि नेटवर्कवाले सर. सरांनी कुणाच्या तरी लॅपटॉपवर गेटवे (नेटकडं जायचं दार, इथं आमचा राउटर) बघितला, त्याचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा नंबर) काढला, तो स्विचच्या (खोल्यांच्या वायरी जिथं जुळतात तो डबा) कोणत्या पोर्टातून येतोय ते बघितलं. पोर्टवर खोली नंबर लिहिलेलाच होता. दहा मिनिटांचं काम. रेक्टर म्हणाले, "आयटी ॲक्टचं ६६अ लावतो." ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ लाच रद्द केलंय, आणि होतं तेव्हाही आक्षेपार्ह मेसेजसाठी होतं, वायरसाठी नव्हे. पण हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा मी मान खाली घालून माफीपत्र लिहिलं. सेमिस्टर संपेपर्यंत लॉगिन बंद. माझं. पार्टनर तोंडातून ब्र काढायला तयार नाही.

त्याचं म्हणणं, आपण फी भरतो, नेट आपलंच. अरे, मजल्यावरच्या बावीसही खोल्या फी भरतात. बावीस जणांनी राउटर लावले तर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारी चॅनेलं तीनच आहेत, १, ६ आणि ११. मग सगळ्यांचंच रांगायला लागतं.

तुमच्या कामाची गोष्ट ही, की राउटरमागं तिघांचा कारभार एकाच लॉगिनवर दिसतो. पार्टनरनं रात्री टॉरेंट लावलं (टॉरेंट घेता घेता पुढं वाटतही असतं, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३मध्ये तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे) तरी जाब लॉगिनवाल्यालाच विचारणार. लॅपटॉपचा हॉटस्पॉट करून दिला तरी हेच. मजला बंद पडणार नाही, पण नाव तुमचंच. म्हणून पासवर्ड सख्ख्या भावालाही देऊ नका. पार्टनरला तर नाहीच.

आता, काही हॉस्टेलांत रीतसर अर्ज केला तर राउटर लावू देतात. तसं असेल तर आधी राउटरचं डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करा, मग भिंतीची वायर लॅन पोर्टात घाला. म्हणजे प्रत्येकाला विद्यापीठाचाच आयपी मिळतो आणि ज्याचं लॉगिन त्याच्या माथी. एका पोर्टवर एकच मॅक चालू देत असतील तर हेही जमणार नाही.

हो, लॅन पोर्टात. म्हणजे पिवळ्यात. हे वाचून आमचा पार्टनर आता ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणार, "बघ, मी बरोबरच घातली होती." डीएचसीपी कुणी बंद करायचं होतं रे? तर म्हणे, "राउटर तुझा होता."