पश्चिमेच्या कडक उन्हाची खिडकी, आणि घरात मांजर

पश्चिमेच्या खिडकीत पीस लिली आणि कॅलेथियाची पानं कडेने करपली म्हणून तुम्ही पाणी वाढवलंत, असं लिहिलंय. ते आधी थांबवा. ही दोन्ही झाडं मुळात जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. दुपारचं थेट ऊन त्यांना सोसत नाही आणि जास्तीच्या पाण्याने मुळं कुजतात, ते वेगळंच. दोन्ही कुंड्या खिडकीपासून दोन मीटर आत घ्या. करपलेला भाग परत हिरवा होणार नाही, नवीन पान कसं येतं ते बघा.

आता त्यांच्या जागी खिडकीत कोणती झाडं ठेवायची ते. अशा जागेसाठी सगळे पटकन कोरफड, जेड, कलांचो, अडेनियम सुचवतात. ऊन या चौघांनाही चालतं, पण मांजरासाठी चारही विषारी आहेत. कलांचो आणि अडेनियममधली द्रव्यं तर थेट हृदयावर परिणाम करतात. तुमच्या मांजराला पानं कुरतडायची सवय आहे म्हणताय, तेव्हा हे चारही सोडून द्या. पीस लिली चघळली तरी तोंडाची आग होते, म्हणून तीही उंचावर ठेवा. कॅलेथियाची काळजी नको.

माझी पहिली पसंती एचेव्हेरियाला, म्हणजे गुलाबासारख्या गुच्छात जाड, मांसल पानं येणाऱ्या छोट्या झाडाला. तिच्या पानांवर राखाडी-पांढरी भुकटी दिसते ना, तो मेणाचा थर आहे, उन्हापासून वाचवणारा. बोट लागलं की तिथे डाग पडतो आणि त्या पानावर तो थर पुन्हा नीट धरत नाही, म्हणून कुंडी उचलताना हात खालूनच घाला. ऊन कमी पडलं तर गुच्छ उंच, विरळ होत जातो; तुमच्या खिडकीत तो प्रश्न येऊ नये. दुसरा पोनीटेल पाम. बुंध्याच्या फुगीर गड्ड्यात पाणी साठवतो, त्यामुळे चार दिवस गावाला गेलात तरी बिघडत नाही. मांजर त्याची लांब पानं ओढेल, पण विषबाधेची भीती नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका. नर्सरीत झाडं बहुतेक हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. उन्हातली जात असली तरी आणल्या दिवशी काचेशी ठेवली तर पानांवर पांढरट चट्टे पडतात, आणि मग लोक झाडालाच दोष देतात. पहिला आठवडा मीटरभर आत, मग रोज थोडी पुढे, असं दोन आठवडे करा. पानं काचेला टेकू देऊ नका, दुपारी काच फार तापते.

कुंडी मातीची, खाली भोक असलेली घ्या. मातीत निम्मी भरड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे) मिसळा. बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी, तेही खालून निथळेपर्यंत. थाळीत साचलेलं लगेच ओतून टाका.