स्ट्रिंग थिअरीत फर्मिऑन कसे आणतात, आणि त्यासाठी सुपरसिमेट्री लागतेच का?

सुपरसिमेट्री, म्हणजे बोसॉन (फोटॉनसारखे कण) आणि फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारखे कण) यांना जोडणारी सममिती, इथे दोन ठिकाणी येते, वर्ल्डशीटवर (कंप पावणारी बारीक तार, म्हणजे स्ट्रिंग, पुढे सरकताना जो पृष्ठभाग आखते तो) आणि स्पेसटाइममध्ये, आणि तुमच्या प्रश्नात दोन्ही एकत्र झाल्यात. मी पण बरेच दिवस इथेच अडकलो होतो.

सुरुवातीची थिअरी फक्त बोसॉनची होती, 26 मिती लागायच्या, टॅकिऑन (वस्तुमानाचा वर्ग ऋण असलेला कण, म्हणजे अस्थिरतेची खूण) निघायचा आणि इलेक्ट्रॉनसारखं काही निघायचंच नाही. 1971 मध्ये रामाँ आणि नेव्हू-श्वार्ट्झ यांनी स्ट्रिंगवर एक जास्तीचं फील्ड घातलं, त्याला साय म्हणतात. आता खरी मेख अशी की साय वर्ल्डशीटवर फर्मिऑन असला तरी स्पेसटाइममध्ये तो व्हेक्टर (बोसॉनसारखी, दिशा असलेली राशी) आहे, म्हणजे नुसता साय घालून इलेक्ट्रॉन मिळत नाही!

मग स्पिनर (इलेक्ट्रॉनसारख्या फर्मिऑनचं गणिती रूप) येतो कुठून? एकाच दिशेने जाणाऱ्या लाटा घ्या. स्ट्रिंगभोवती एक फेरी मारल्यावर सायचं चिन्ह उलटं झालं तर मोड (कंपनाचे प्रकार) 1/2, 3/2 असे अर्धे येतात, हा नेव्हू-श्वार्ट्झ सेक्टर, इथे सगळे बोसॉन. चिन्ह तेच राहिलं तर रामाँ सेक्टर, मोड पूर्णांक, त्यामुळे शून्य मोडही असतो आणि हे शून्य मोड आपसात डिरॅकच्या इलेक्ट्रॉनच्या समीकरणातल्या गॅमा मॅट्रिक्सचंच नातं पाळतात, म्हणून सगळ्यात खालची अवस्था स्पिनर झाल्याशिवाय राहूच शकत नाही. मला हे आजही फार सुंदर वाटतं, फर्मिऑन वरून चिकटवलेला नाही, फेरीच्या अटीतून आपोआप आलाय. (दोन्ही दिशांच्या लाटांवर साय असलेल्या बंद स्ट्रिंगमध्ये एका दिशेला रामाँ आणि दुसऱ्या दिशेला नेव्हू-श्वार्ट्झ असेल तरच फर्मिऑन.)

आता वर्ल्डशीटवरची सुपरसिमेट्री. ती लागतेच, कारण काळाच्या दिशेचा साय ऋण संभाव्यतेच्या अवस्था देतो आणि त्या काढायला जास्तीच्या अटी तिच्यातूनच मिळतात. मिती पण 26 वरून 10 वर येतात.

स्पेसटाइममधली सुपरसिमेट्री नंतर आली, 1976 मध्ये. ग्लिओझी, शेर्क आणि ऑलिव्ह यांनी दोन्ही सेक्टरमधल्या ठरावीक अर्ध्या अवस्थाच ठेवल्या तर टॅकिऑन गेला, वस्तुमान नसलेले 8 बोसॉन आणि 8 फर्मिऑन उरले आणि वरच्या प्रत्येक पातळीवरही दोघांची संख्या सारखी निघाली, जी जुळते ती याकोबीच्या 19 व्या शतकातल्या एका समीकरणामुळे.

पण ही दुसरी सुपरसिमेट्री सक्तीची नाही. 1986 मध्ये सापडलेल्या एसओ(16) गुणिले एसओ(16) (हे तिच्या सममिती गटाचं नाव) हेटरोटिक स्ट्रिंगमध्ये, म्हणजे जिथे साय एकाच दिशेच्या लाटांवर असतो आणि दुसरी दिशा जुन्या बोसॉनवाल्या थिअरीसारखी असते, फर्मिऑन आहेत, टॅकिऑन नाही आणि स्पेसटाइममध्ये सुपरसिमेट्रीही नाही. फक्त तिथे व्हॅक्युमची ऊर्जा शून्य होत नाही, त्यामुळे तो व्हॅक्युम स्थिर राहत नाही.