इंजिनीअरिंगचं लिनिअर अल्जेब्रा वहीवर शिकावं की संगणकावर?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पहिल्या वर्षाला मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता), रँक (त्यातल्या खरोखर वेगळ्या ओळी किती), आयगनव्हॅल्यू हे सगळं आहे. वर्गात गणितं हाताने करून घेतात आणि लॅबमध्ये तीच गणितं सॉफ्टवेअर क्षणात सोडवतं. मग हाताने करण्यात अर्थ काय उरला? आणि संगणकावरच शिकायचं ठरवलं तर कशावर आणि कसं?

संगणकावर जरूर शिका. फक्त पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या: एंटर दाबण्याआधी उत्तर काय येईल याचा अंदाज वहीत लिहायचा. आकडा सांगता आला नाही तरी चालेल. ‘मधला जास्त सरकेल’, ‘उकल मिळणार नाही’, ‘रँक दोनच येईल’ एवढंही पुरे. अंदाज चुकला की पुढचं गणित घ्यायचं नाही, का चुकला ते शोधायचं.

एवढ्या आग्रहाने सांगतोय कारण मी नेमकं उलटं केलं होतं. मॅट्रिक्स भरायचा, त्याचा व्यस्त (इन्व्हर्स) काढायचा, त्याने समीकरणांची उजवी बाजू गुणायची, की झालं. एवढ्यावर मला विषय येतो असं मी धरून चाललो होतो. परीक्षेत मार्कही पडले. पुढे एका प्रकल्पात लोखंडी सांगाड्याच्या सांध्यांची विस्थापनं काढायची होती, तर उत्तरं एकावर पंधरा शून्यं अशी यायला लागली. वर एक इशाऱ्याची ओळ यायची, ती मी वाचतच नव्हतो. दोन दिवस आकडे टाइप करण्यातली चूक शोधली. चूक आकड्यांत नव्हतीच. सांगाडा जमिनीला जिथे टेकतो तो एक आधार मी समीकरणांत घातलाच नव्हता. मॅट्रिक्स सिंग्युलर (ज्याचा व्यस्त निघत नाही असा) झाला होता, म्हणजे ‘या सांगाड्याला कुणी धरलेलं नाही, तो कुठेही जाऊ शकतो’ असं तो सांगत होता. ते ऐकायला मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून कुणी विचारलं की मी आधी हे उदाहरण करायला सांगतो. तीन ठोकळे एका रेषेत ठेवा. त्यांच्यामध्ये दोन स्प्रिंग, आणि दोन्ही टोकांना भिंतीला जोडलेली एकेक स्प्रिंग. चारही स्प्रिंगचा ताठपणा १. प्रत्येक ठोकळ्यावरच्या बलांचा हिशेब मांडला की मॅट्रिक्सच्या ओळी येतात [२ -१ ०], [-१ २ -१], [० -१ २]. या ओळी हाताने मांडा, कारण दोन कर्णावर का आला आणि उणे एक शेजारी का आला हे मांडतानाच कळतं. आता प्रत्येक ठोकळ्यावर उजवीकडे १ एवढं बल लावा. कोण किती सरकेल? अंदाज लिहा आणि मग एंटर. उत्तर १.५, २, १.५. मधला जास्त सरकला, बाजूचे दोघे सारखे. मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी आहे, तेव्हा हे पटतं.

मग डावीकडची भिंत काढून टाका. पहिल्या ओळीतला २ जाऊन तिथे १ येतो, बाकी सगळं तसंच. पुन्हा अंदाज करा. उत्तर ६, ५, ३. हे तर मशीनशिवायही पडताळता येतं: उरलेल्या भिंतीच्या स्प्रिंगवर तिन्ही बलांचा भार, म्हणून ती ३ ने दबते, तिच्या आधीची दोन बलांच्या भाराने २ ने, त्याआधीची एकाच्या भाराने १ ने. ३, मग ३ अधिक २, मग त्यात आणखी १. एका आधाराच्या फरकाने विस्थापन किती वाढलं ते बघा.

आता दुसरीही भिंत काढा. मॅट्रिक्स होतो [१ -१ ०], [-१ २ -१], [० -१ १]. तेच बल लावून उत्तर मागितलं की नमपाय (पायथनमधला आकडेमोडीचा प्रोग्रॅमसंच) ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ म्हणून थांबतं. ऑक्टेव्ह (मॅटलॅबसारखं फुकट सॉफ्टवेअर) इशारा देतं आणि तरीही काहीतरी उत्तर हातात ठेवतं, जे जास्त धोक्याचं आहे. इथे नल स्पेस काढायची आज्ञा द्या. तीन सारखे आकडे येतील, ०.५७७४ प्रत्येकी (चिन्ह तिघांचंही उणे असू शकतं). म्हणजे (१, १, १) हीच दिशा. अर्थ सरळ आहे: तिन्ही ठोकळे एकत्र, सारखे सरकले तर एकही स्प्रिंग ताणली जात नाही, आणि त्यासाठी बलही लागत नाही. नल स्पेसची व्याख्या मी परीक्षेसाठी पाठ केली होती, पण ती समजली या तीन आकड्यांवरून.

एवढ्यावर सोडू नका. बलं (१, ०, -१) अशी लावून बघा. दोन टोकांनी आत ढकललंय, एकूण बल शून्य. आता उकल आहे: (१, ०, -१), आणि तिच्यात (१, १, १) ची कितीही पट मिळवली तरी चालतं. बलांची बेरीज शून्य नसेल तर उकल नाही, शून्य असेल तर अनंत. पुस्तकातला ‘उकल आहे की नाही’चा तो रँकवाला नियम हाच. धरून न ठेवलेल्या वस्तूला एका बाजूने ढकललं तर ती स्थिर राहणार नाही, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. नियम फक्त तेच समीकरणांच्या भाषेत म्हणतो.

याच मॅट्रिक्सवर आयगनव्हॅल्यूही शिकून घ्या. मॅट्रिक्सने गुणूनही ज्याची दिशा बदलत नाही, फक्त पट होते, तो आयगनव्हेक्टर; ती पट म्हणजे आयगनव्हॅल्यू. दोन्ही भिंती असताना त्या ०.५८५८, २ आणि ३.४१४२ येतात. ठोकळ्यांचं वस्तुमान १ धरलं तर यांची वर्गमुळं म्हणजे कंपनांच्या कोनीय वारंवारता. दोनच्या आयगनव्हेक्टरमध्ये मधला आकडा शून्य येतो, म्हणजे मधला ठोकळा जागच्या जागी उभा आणि बाजूचे दोघे विरुद्ध दिशांना झुलतात. भिंती काढल्या की आयगनव्हॅल्यू ०, १, ३. तो शून्य म्हणजे वरचीच नल स्पेस: कंपन नाही, नुसतं सरकत जाणं. वर्गात वेगवेगळ्या आठवड्यांत येणाऱ्या गोष्टी इथे एका कागदावर भेटतात.

इथे बरेच जण एका ठिकाणी अडतात. पहिल्या आयगनव्हॅल्यूचा व्हेक्टर वहीत (१, √२, १) येतो आणि पडद्यावर (०.५, ०.७०७१, ०.५), किंवा सगळे उणे. काहीही चुकलेलं नाही. सॉफ्टवेअर व्हेक्टरची लांबी १ करून देतं आणि चिन्ह कुठलंही निवडतं. आयगनव्हेक्टर ही दिशा आहे, तिची कुठलीही पट चालते.

कुठलं सॉफ्टवेअर, याला मी फार महत्त्व देत नाही. कॉलेजकडे मॅटलॅबचं लायसन्स असेल तर ते वापरा. नसेल तर ऑक्टेव्ह फुकट आहे आणि आज्ञा जवळजवळ त्याच. पायथन येत असेल तर नमपाय. तरी या विषयाचा पहिला महिना ऑक्टेव्हवर काढावा असं मला वाटतं, कारण तिथे मॅट्रिक्स लिहायला काही सोपस्कार लागत नाहीत. यातली मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह ही साधनं मुळात विद्यार्थ्यांसाठीच जन्मली. क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात मॅटलॅब लिहिलं, ते विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता लिनपॅक आणि आइस्पॅक हे प्रोग्रॅमसंच वापरता यावेत म्हणून; कंपनी झाली ती नंतर, १९८४ मध्ये. ऑक्टेव्हची कल्पना केमिकल रिअ‍ॅक्टरच्या डिझाइनच्या पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून पुढे आली, आणि त्याचं नाव रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्यावरून ठेवलंय. अपूर्णांकांत नेमकी उत्तरं हवी असतील, म्हणजे वहीशी ताडून बघायला, तर पायथनमधलं सिमपाय घ्या.

एक सापळा आधीच सांगून ठेवतो. नमपायमध्ये * हे चिन्ह मॅट्रिक्सचा गुणाकार करत नाही, जागच्या जागी आकडे गुणतं. मॅट्रिक्सच्या गुणाकाराला @ आहे, पायथन ३.५ पासून. ऑक्टेव्ह आणि मॅटलॅबमध्ये उलट: * म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार, आणि जागच्या जागी हवा असेल तर आधी टिंब. दोन्ही मॅट्रिक्स चौरस आणि एकाच मापाचे असले की चुकीच्या चिन्हानेही उत्तर येतं, तक्रार येत नाही. मुद्दाम २ बाय ३ आणि ३ बाय २ असे मॅट्रिक्स घेऊन सराव करा, म्हणजे चूक लगेच अंगावर येईल.

आता हाताच्या गणिताकडे. डिटर्मिनंट आणि क्रेमरची पद्धत (डिटर्मिनंटच्या भागाकारांनी समीकरणं सोडवण्याची) यांवर वर्गात बराच वेळ जातो, आणि मशीन मोठ्या गणितात त्यांच्या वाटेला जात नाही. २० समीकरणं घ्या. २० बाय २० चा एक डिटर्मिनंट विस्तार करून काढायचा तर पदं होतात २० फॅक्टोरिअल, म्हणजे २४३ वर सोळा शून्यं. सेकंदाला १०० कोटी पदं मोजली तरी त्या एका डिटर्मिनंटला सुमारे ७७ वर्षं लागतील, आणि क्रेमरला असे २१ लागतात. गाउसच्या निरसन पद्धतीने (एका समीकरणाची पट दुसऱ्यातून वजा करत एकेक अज्ञात घालवायचं) सगळी उकल पाच-सहा हजार क्रियांत होते. ऑक्टेव्हचं बॅकस्लॅश (\ हे समीकरणं सोडवण्याचं चिन्ह) चौरस मॅट्रिक्ससाठी सर्वसाधारणपणे हेच निरसन करतं, ओळींच्या अदलाबदलीसकट. म्हणून व्यस्त काढून गुणू नका, बॅकस्लॅश वापरा. व्यस्त काढण्यात जवळपास तिप्पट काम आहे आणि अचूकताही सहसा कमीच मिळते.

डिटर्मिनंट शून्याजवळ आला की मॅट्रिक्स सिंग्युलर, हा समजही मोडून काढा. १०० बाय १०० चा एकक मॅट्रिक्स ०.१ ने गुणा. डिटर्मिनंट येतो दशांशचिन्हानंतर ९९ शून्यं आणि मग १. तरीही याच्याइतका निरुपद्रवी मॅट्रिक्स शोधून सापडणार नाही, उकल म्हणजे फक्त दहाने गुणायचं. उलट १ ते ९ आकडे क्रमाने भरलेला ३ बाय ३ मॅट्रिक्स खरोखर सिंग्युलर आहे; वहीत डिटर्मिनंट शून्य येतो, पण मॅटलॅबला विचारलं तर दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग ६६६ असं काहीतरी दिसतं. मशीन दशांशाचे साधारण १६ अंकच धरून ठेवतं, त्याचा हा परिणाम. रँक विचारा, ती बरोबर २ येईल. आणि कंडिशन नंबर, म्हणजे दिलेल्या आकड्यांतली छोटी चूक उत्तरात किती पट वाढू शकते तो आकडा, विचारायची सवय लावा.

कंडिशन नंबर काय सांगतो, हे बघायला हिल्बर्ट मॅट्रिक्स घ्या. त्यात प्रत्येक जागी एक भागिले (ओळ अधिक स्तंभ उणे एक) असतं. १० बाय १० चा घ्या, खरी उकल सगळे १ अशी धरून उजवी बाजू तयार करा आणि सोडवायला द्या. कंडिशन नंबर १६ वर बारा शून्यं एवढा येतो. म्हणजे १६ अंकांतले १३ पर्यंत गमावण्याची शक्यता. आलेलं उत्तर समीकरणांत परत घालून बघितलं तर उजवी बाजू जवळजवळ तंतोतंत जुळते, पण उत्तरात मात्र चौथ्या-पाचव्या अंकापासून चूक असू शकते. परत घालून पडताळणं शाळेपासून आपल्या अंगवळणी पडलंय. ते दर वेळी पुरेसं नसतं, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

एक प्रोग्रॅम मात्र स्वतः लिहा: निरसनाचा. वीस-पंचवीस ओळी होतात. आधी ओळींची अदलाबदल न करता लिहा आणि त्याला दोन समीकरणं द्या. पहिल्यात क्ष चा सहगुणक दहाचा उणे विसावा घात, य चा १, उजवीकडे १. दुसऱ्यात क्ष अधिक य बरोबर २. खरं उत्तर जवळजवळ (१, १) आहे. तुमचा प्रोग्रॅम (०, १) सांगेल. दोन समीकरणांत एवढी मोठी चूक! मग अदलाबदल घाला आणि पुन्हा चालवा. ‘पिव्हट (निरसनात ज्या आकड्याने भागतो तो) मोठा निवडावा’ ही ओळ त्यानंतर घोकावी लागत नाही.

राहिला प्रश्न हाताने किती करावं याचा. माझा हिशेब असा: ३ बाय ३ चं निरसन, चुका न होता, न बघता करता येईपर्यंत. त्यात रँक एक, दोन आणि तीन असलेली तिन्ही प्रकारची उदाहरणं हवीत. आयगनव्हॅल्यू २ बाय २ च्या भरपूर, ३ बाय ३ च्या दोन-तीन पुरे. वहीत आपण बहुपदी मांडून तिची मुळं काढतो, पण मोठ्या मॅट्रिक्ससाठी मशीन त्या वाटेने जातच नाही; ते क्यूआर नावाची, १९६० च्या सुमाराची पद्धत वापरतं, आणि बहुपदीची मुळं मागितली तर मॅटलॅब उलट बहुपदीचाच मॅट्रिक्स करून त्याच्या आयगनव्हॅल्यू काढतं. सहघटकांनी व्यस्त काढणं परीक्षेला येत असेल तर परीक्षेपुरतं करा. चार बाय चारपासून पुढचं सगळं मशीनकडे द्या, अंदाज वहीत लिहून.