काटा शेठचा, हात माझा

प्रश्न : सर, मी चोपडा तालुक्यात खेडा खरेदीच्या, म्हणजे गावोगाव फिरून कापूस घेणाऱ्या गाडीवर मापाडी आहे. कापसाच्या चाळीस किलोमागे दीड किलो काटा मारतात. काटा शेठने सेट केलेला. मी फक्त आकडा वाचतो. शेतकरी चौकस दिसला की शेठ खुणावतो, मग मी बटण दाबून काटा सरळ करतो. माझा हेतू रोजीचा, फसवायचा नाही. तरी पाप माझ्या माथी येतं का?
— एक वाचक

उत्तर : येतं, भाऊ. शेठइतकं नाही, पण येतं.

अमळनेरला शिकवताना हा प्रश्न मी मुलांपुढे नेहमी ठेवायचो. (तिथलं तत्त्वज्ञान केंद्र १९१६ साली उभं केलं तेही प्रताप शेठजींनी, म्हणजे एका कापड गिरणीच्या मालकाने.) ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांनी १९५७ साली एक उदाहरण मांडलं. एक माणूस पंप हापसून एका घरात पाणी चढवतोय. पाण्यात विष दुसऱ्याने कालवलंय, पण याला ते ठाऊक आहे. हात हलतो, पंप चालतो, टाकी भरते, घरातल्यांना विष जातं. ही चार कामं नाहीत. एकाच कामाची चार वर्णनं आहेत. ‘मी फक्त पगारासाठी हापसतोय’ असं मनाशी घोकलं म्हणून चौथं वर्णन पुसलं जात नाही.

तरी त्या बाईंनी एक सवलत ठेवली होती. नेहमीचंच काम करणारा, विषाशी काही देणंघेणं नसलेला माणूस मुद्दाम विष घालतो असं म्हणता येत नाही. दोष मात्र त्यालाही लागू शकतो.

तुम्हाला ती सवलत देववत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे: ते बटण. चौकस शेतकऱ्यापुढे तुम्ही काटा सरळ करता, भोळ्यापुढे करत नाही. फसवणूक तुमच्या कामाच्या कडेला पडलेली असती, तर माणूस पाहून तुमचं बोट हललं नसतं. कोणाला लुटायचं आणि कोणाला नाही हे तुमचा हात ठरवतोय. हेतू म्हणतात तो हाच. शिवाय खोटा आकडा तुमच्या तोंडून निघतो, आणि त्यावरच शेतकरी मान डोलावतो.

दीड किलो म्हणजे क्विंटलला पावणेचार किलो. तेवढ्याची वेचणीही शेतकऱ्याने किलोच्या भावाने आधीच चुकती केलेली असते.

रोजी जाण्याची भीती खरी आहे. ती असल्यामुळे दोष हलका होतो, पण काम तेच राहतं. आणि वजनमापांच्या, म्हणजे वैधमापन शास्त्राच्या, २००९ च्या कायद्याने काट्यात फेरफार हा गुन्हा आहे, तेव्हा धाड पडली तर बटणावर बोट तुमचंच सापडेल.

एकदम काम सोडा असं मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर वेचणीचा जोर असतो, तेव्हा सरावलेला मापाडी शेठला सहज मिळत नाही. त्याच दिवसांत सांगा, ‘काटा सरळ असेल तरच आकडा बोलेन.’ आणि तोवर दुसऱ्या गाडीवर विचारून ठेवा.